हिराजीकाकांचा सुरुंगांचा खेळ

कंप्युटरसमोर बसायच्या आधी हिराजीकाका म्हात्रे टेबलाखाली वाकून बघत. कुठली वायर कुठे जाते हे कळल्याशिवाय त्यांनी माउसला कधी हात लावला नाही. रोह्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते ऑपरेटर होते. पॅनेलवरचा काटा काहीही सांगो, खाली उतरून पाइपला हाताची पाठ लावून यायचे, मगच वहीत लिहायचे.

नव्वदीच्या मध्यावर कारखान्यात कंप्युटरवरचं पॅनेल आलं. सहा ऑपरेटरांपैकी चौघेच त्यावर बसणार होते; उरलेल्या दोघांनी गोण्या भरायच्या. सहाही जणांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मीही काकांसारखीच खाडीकडची, पेणजवळची, मिठागरात राबणाऱ्या बापाची मुलगी, घरातली पहिली बी.एस्सी. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. साहेब म्हणाले, आधी खेळ खेळू द्या, हात बसेल.

बाकीचे कंप्युटरवरच्या पत्त्यांवर तुटून पडले. "झकास हाय, येळ कसा जातो कळत नाय," हे त्यांचं मत. काकांनी दोन डाव नुसते बघितले.

"पानं कोन पिसतो गो?"

"कंप्युटर."

"तुला दिसतो पिसताना?"

"नाही."

"मंग चोर हाय तो."

त्यांना पटला तो सुरुंगांचा खेळ. चौकट उघडली की आकडा येतो आणि शेजारी किती सुरुंग लपलेत ते सांगतो. सुरुंगावर बोट पडलं की डाव खलास. पहिल्याच बोटाला सुरुंग कधी लागत नाही, हे मी सांगूनही त्यांनी मानलं नाही. चार दिवस नुसतं पहिलं बोट दाबून डाव मोडत राहिले, तेव्हा म्हणाले, "व्हय, खरं बोललीस."

मग मात्र ते तरबेज झाले. इतरांच्या मागे उभे राहून सांगत, "आकडा एक, बाजूला झाकलेली चौकट एकच. सुरुंग आनखी कुठं जाईल? घाई कसली रे, गाडी चुकतेय?"

काही डाव शेवटी असे अडतात की दोन चौकटी उरतात आणि आकडे काहीच सांगत नाहीत. इतर हसत कुठलीतरी दाबत. काका माउस सोडून उठत. "इथून पुढं जुगार."

साहेबांनी प्रत्येकाबद्दल माझं मत लेखी मागितलं. काकांच्या नावापुढे मी लिहिलं : निर्णय घेत नाही.

दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी आले. "माज्याबद्दल काय लिवलंस?"

मी खरं ते सांगितलं.

"घेतो ना. थांबायचा घेतो. तेवढं लिव गो पोरी. गोन्या उचलायचं वय नाय माजं."

मला ते पटलं होतं. पण माझ्या सहीचा तो पहिला कागद. त्यावर खाडाखोड दिसली तर साहेब म्हणतील, खाडीकडची माणसं एक झाली.

"काका, कागद वर गेला," मी म्हटलं.

कागद माझ्या खणात होता, त्यांच्या हातापासून वीतभर. त्यांनी खणाकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू म्हंतेस तर गेला आसंल," म्हणाले आणि शिफ्टला गेले.

महिन्याभरात ते गोण्यांवर गेले आणि तिथूनच रिटायर झाले.

तो कागद त्याच संध्याकाळी मी स्वतः वर नेऊन दिला. साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं.