सरांची टायटॅनियमची रेषा

फोन होस्टेलच्या ऑफिसात आला. तिथं मला कुणी फोन करत नसे, म्हणून माझं नाव पुकारलं गेलं तरी मी आधी हललेच नाही. पलीकडे काकू होत्या, साळवे सरांच्या पत्नी. "सर गेले गं," एवढंच म्हणाल्या. त्या फोन ठेवतील म्हणून मी थांबले, मी ठेवेन म्हणून बहुधा त्या... पुण्याहून जालन्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. साळवे सरांच्या गावची, कुंभार पिंपळगावची माणसं अंगणात सतरंजीवर बसली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तू कोण लागतीस?" मी म्हणाले, विद्यार्थिनी. त्यांनी सरकून जागा दिली, पण मला बसवेना. सरांच्या हाताखालून जालन्यातली कितीतरी मुलं गेली. विद्यार्थिनी हे काही रडायला बसण्याचं नातं नव्हे. काही आठवडे झाले, त्या प्रश्नाला दुसरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मी इंग्रजी शाळेतून आलेली. मराठी बोलताना अडखळायचे आणि इंग्रजी बोलले की मुली एकमेकींकडे बघायच्या, म्हणून दोन्ही भाषांत गप्प राहायची सवय लागली होती. एकदा प्रयोगशाळेत सरांनी मिठाच्या ज्योतीतल्या पिवळ्या रेषा दाखवल्या आणि सांगितलं, जोरदार चुंबकात ठेवलं तर ही एकेक रेषा फुटते. तास संपल्यावर सगळे गेल्याची खात्री करून मी विचारलं, तारेही चुंबक असतात का? सरांनी हातातला डस्टर खाली ठेवला. "आईला सांगून ये," ते म्हणाले. "घरी दाखवतो."

घरी मागच्या खोलीत संगणक होता. सरांचे एक जुने वर्गमित्र परदेशातल्या वेधशाळेत होते. ते आपल्या वाट्याच्या दुर्बिणीच्या वेळातला थोडा वेळ काढून सरांसाठी एका तान्ह्या ताऱ्याचा वर्णपट घ्यायचे आणि सीडीवर पाठवायचे. सरांना उमेदीच्या वयात हेच काम करायचं होतं, संशोधनाला जागाही मिळाली होती. पण वडील गेले, धाकट्यांची शिक्षणं राहिली होती, म्हणून नोकरी धरली. हे काकूंनी एकदा चहा देता देता सांगितलं. सरांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्या ताऱ्याबद्दल मात्र ते भरभरून बोलत. "लेकरू हाय ते अजून. भोवती वायूची चकती, त्यातलं सगळं त्याच्यावर येऊन पडायलंय. मंग किती गरगर फिरायला पाहिजे! न्हाई फिरत. कोण धरून राह्यलंय त्याला?"

धरून ठेवणारं चुंबकीय क्षेत्र मोजायचं कसं, हे मी त्या खोलीत शिकले. ताऱ्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषांपैकी टायटॅनियमची रेषा चुंबकत्वानं फुटून रुंद दिसते, कार्बन मोनॉक्साइडची जवळपास तशीच राहते. तारा नुसता फिरत असेल तर दोन्ही सारख्याच रुंद होतात. टायटॅनियमची एकटीच जास्त रुंद दिसली, तर तिथं चुंबक आहे. "ही आमची कार्बन मोनॉक्साइड," सर माझ्याकडे बोट करून काकूंना सांगत, "काही करा, हिच्यावर बिलकुल फरक न्हाई." काकू म्हणायच्या, "पोरीला विषारी वायू म्हणता व्हय?" मी हसायचे. दुसरीकडे कुठं अशी चेष्टा झाली असती तर मी परत गेले नसते.

सरांना ती रुंद रेषा सापडली. वीज असेल त्या संध्याकाळी थोडं थोडं काम करत त्यांनी शोधनिबंध लिहिला. त्यावर पहिलं नाव त्यांचं होतं, आयुष्यात प्रथमच. तोवर मी पुण्याला संशोधनाला लागले होते आणि सरांचं मूत्रपिंडाचं दुखणं वाढलं होतं. दिवाळीला घरी आले तेव्हा निबंध पाठवायचाच राहिला होता. सरांच्या मागच्या खोलीत मी सरावासाठी म्हणून त्याच सीडीवरच्या दुसऱ्या एका ताऱ्याचा वर्णपट उघडला, तर टायटॅनियमच्या रेषेला जो फुगवटा होता तो याही ताऱ्यात, अगदी त्याच जागी. प्रत्येक ताऱ्याचा वेग वेगळा, त्याप्रमाणे त्याच्या रेषा सरकतात. हा फुगवटा सरकला नव्हता. म्हणजे तो ताऱ्याचा नव्हता, पृथ्वीच्याच हवेतल्या बाष्पाची रेषा तिथं मिसळली होती.

हवेच्या रेषा काढून टाकण्यासाठी, ज्याला स्वतःच्या रेषा जवळजवळ नसतात असा एक तापलेला तारा त्याच वेळी बघावा लागतो. सर त्याला कोरा तारा म्हणत. पण त्या खेपेला त्यांनीच मित्राला कळवलं होतं, कोऱ्या ताऱ्यात वेळ घालवू नकोस, आधी घेतलेलाच वापरू. मागून मिळालेला वेळ, तो सगळा आपल्या ताऱ्याला मिळावा... मधल्या काळात तिथली हवा दमट झाली होती.

मी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. सरांनी माउस हातात घेऊन तो भाग मोठा केला. मग म्हणाले, "इथं नळाला पाणी न्हाई, अन् मला ताऱ्यावर सापडलं व्हय." आम्ही हसलो, पण त्यांचा हात माउसवर तसाच होता. मी म्हणाले, सर, हे काढूनही काही उरेल. "उरंल, न उरंल. कोरा तारा घेऊन बराबर बघू. तोवर माझं नाव त्याच्यावर नको." दुसऱ्याच दिवशी त्यांनी मित्राला पुन्हा वेळ मागितला. त्यानंतर माझ्या प्रत्येक फोनवर तब्येतीचं विचारू न देता तेच आधी सांगायचे, सीडी आली न्हाई अजून.

सीडी आली ती सर गेल्यावर. काकूंनी पाकीट न फोडता मला बोलावलं. मागच्या खोलीत मी एकटीच बसले. या वेळी कोरा तारा आधीही घेतला होता आणि नंतरही. हवा वजा केली, फुगवटा गेला. टायटॅनियमची रेषा बारीक झाली... पण कार्बन मोनॉक्साइडच्या रेषेपेक्षा रुंदच राहिली. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. तेच. सरांनी लिहिलं होतं त्यापेक्षा क्षेत्र बरंच कमी निघालं. पण होतं. त्या ताऱ्याची वाट बघणारी या गावात दोनच माणसं होती.

काकू दारात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

"काय निघालं?"

"आहे, काकू. त्यांना वाटलं त्यापेक्षा कमी आहे. पण आहे."

त्या पदराला हात पुसत जवळ आल्या. "कुठं हाय ते? मला दाखव."

मी दोन्ही रेषा मोठ्या केल्या. काकूंनी पडद्याकडे वाकून एकीवर बोट टेकवलं. "ही?"

"नाही. तिच्या शेजारची."

त्यांनी बोट सरकवलं आणि तिथंच ठेवलं. मी खुर्चीतून उठून त्यांना जागा करून दिली.