दोष काकांच्या हातांचा नव्हता

मंडळी, आज सकाळी इथे इंग्लंडात लीड्सबाहेरच्या रायफल क्लबवर गेले होते. सोबत कुलकर्णी काका, रिटायर्ड सर्जन. मला नेमबाजी त्यांनीच शिकवली.

काकांनी हरणाच्या शिकारीसाठी नवी हलकी रायफल घेतलीय. पण शंभर यार्डांवर गोळ्या वीतभर इकडेतिकडे जात होत्या.

"हात थरथरतात गं आता," ते म्हणाले. "हरीण जखमी होऊन पळालं तर? विकूनच टाकतो."

मला काही पटेना. "काका, थांबा. आधी मी तीन मारून बघते."

माझ्याही तशाच पसरल्या! म्हणजे गडबड रायफलमध्येच होती.

ऑफिसात मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधते, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट तपासायची सवय आहे. रायफल रिकामी केली. दुर्बिणीचे स्क्रू घट्ट होते. मग नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीतून कागदाची पट्टी सरकवली, तर ती मध्येच अडकली. पुढे बायपॉड, म्हणजे दोन पायांचा स्टँड, लावल्यामुळे प्लास्टिकचा हलका दस्ता वाकून नळीला टेकत होता आणि दर गोळीला नळी वेगळी ढकलली जात होती.

बायपॉड काढला आणि दस्त्याखाली, जरा मागे, वाळूची पिशवी ठेवली. पातळ नळी लवकर तापते, म्हणून प्रत्येक गोळीनंतर ती गार होऊ दिली. काकांच्या तिन्ही गोळ्या एका पौंडाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या.

काकांनी टार्गेटचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "अगं, या थरथरीसाठी मी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती."

तुम्हीही कधी वस्तूतला दोष असाच स्वतःच्या वयावर ढकललाय का?