जाडा भगाओ!

आमच्या वसाहतीतला लठ्ठपणा घालवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण नमुना म्हणून दाखवायला मीच सगळ्यांत सोयीचा होतो.

लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या मधोमध एक मोकळी जागा होती. मला तिथे चालायला ट्रॅक हवा होता आणि सेक्रेटरी चड्ढाजींना पार्किंग. (त्यांच्याकडे दोन गाड्या होत्या, तिसरी बुक केलेली!) शेवटी त्यांनीच तोड काढली. "कुलकर्णीजी, संडे को हेल्थ पर मीटिंग बुलाओ. पब्लिक आई तो ट्रॅक, नहीं तो पार्किंग!"

नोटीस मी स्वतः लिहिली. पुण्याहून दिल्लीला बदली होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि माझी हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' लावलेली. 'मोटापा' हा शब्द कानावर आला होता, पण तो मला मोठेपणाच वाटायचा. आणि दिल्लीत मोठेपणा कमी करून घ्यायला कोण येणार? म्हणून ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'जाडा भगाओ! सब लोग आओ!' मुलीला, मुक्ताला, दाखवायला हवं होतं. पण जन्मभर सरकारी फायली लिहिणारा माणूस शाळकरी पोरीकडून नोटीस तपासून घेईल होय!

रविवारी हे दाट धुकं, आणि त्यातून अख्खी कॉलनी शाली गुंडाळून येताना दिसली. मी गहिवरलो! मागोमाग शेगडी आली. गाजर हलव्याचं पातेलं आलं. गजकचे, म्हणजे तिकडच्या तिळाच्या चिक्कीचे, डबे आले. मला वाटलं, पथ्य सुरू करण्याआधीचं शेवटचं खाणं असेल. मी भाषणाला उभा राहिलो.

"बहनों और भाइयों, जाडा पेट से शुरू होता है!"

"बिल्कुल सही!" म्हणत शेजारच्या बन्सलजींनी माझ्या हातात पिन्नी कोंबली. (पिन्नी म्हणजे आपला कणकेचा लाडूच, पण पहिलवानाच्या घरचा.)

मला चेव चढला. "घर घर में जाडा है! हर साल बढ़ता है! मेरे घर में तो मुझसे ज्यादा मेरी पत्नी को है! शादी के समय बिल्कुल नहीं था!"

"हाय, बेचारी!" चार बायका धावल्या आणि त्यांनी माझ्या बायकोला, सुनंदाला, रजईत गुंडाळलं. मी काय म्हणालो ते त्या गर्दीत तिला एकटीलाच नीट कळलं होतं. रजईतून फक्त तिचे डोळे दिसत होते.

"अहो," ती म्हणाली, "घरी चला. मग बघते."

एवढ्यात मुक्ता हसून हसून माझ्या पायाशीच बसली. "बाबा, यार! जाड़ा म्हणजे थंडी! तुम्ही पूर्ण कॉलनीला थंडी भगवायला बोलवलंय!"

माझ्या पोटात गोळा आला. (तिथे जागा भरपूर होती.) चड्ढाजींना हे कळलं तर मीटिंग बाद आणि ट्रॅकच्या जागी तिसरी गाडी! तेवढ्यात ते समोरून आलेच, हातात हलव्याची वाटी घेऊन.

"कुलकर्णीजी, इतनी पब्लिक तो कभी नहीं आई! चलो, ट्रॅक आपका. बस, जाड़ा हर संडे भगाएंगे!"

खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. त्यात कुणीतरी गजक घातली.

ट्रॅक झाला. पहिली फेरी मारायचा मान अर्थातच मला दिला. टाळ्यांच्या गजरात निघालो आणि अर्ध्या वाटेत धाप लागून मटकन खाली बसलो. पुढच्याच आठवड्यात कॉलनीने नेमक्या त्याच जागी बाक बसवला. लठ्ठपणाविरुद्धच्या लढ्यात माझं ठोस म्हणावं असं योगदान तेवढंच. बाक तिघांचा आहे. मी आणि सुनंदा बसलो की भरतो!