कासारणीची पहिली भवानी

पाठीवर बधिर चट्टा उठला तेव्हा देव आहे की नाही, इथूनच माझी शंका सुरू झाली. तेव्हा आमच्या भोसरीत महारोगावर एकच औषध होतं, ते म्हणजे माणसाला गावाबाहेर काढणं. मला शेतातल्या खोपीत ठेवलं. नवरा बांधावर भाकरी ठेवून मागं सरायचा. लेक पाळण्यात होती, आणि सासूबाईंनी मुलासाठी दुसरी बायको बघायला घेतली होती. मी भैरवनाथाशी असं भांडले, की पार आळंदीतले बैल बुजले असतील.

नवरात्राच्या तोंडावर एक अनोळखी कासारीण खोपीपाशी आली. डोक्यावरची टोपली एवढी, की तिच्या सावलीत पंगत बसावी. मी लांबूनच म्हणाले, "मावशी, मागं सरा. महारोग हाय मला."

"ठावं हाय. वाटेत समद्यांनी सांगितलं. हात आण."

कित्येक महिन्यांत मला कुणी शिवलं नव्हतं. तिनं माझा हात मांडीवर घेतला, बोटं चोळून सैल केली आणि हिरवा चुडा चढवला. म्हणाली, "माझ्या बहिणीला हेच झालं हुतं. पुण्याच्या दवाखान्यात गोळ्या देत्यात, आता बरी हाय ती." मी इतकी रडले, की शेजारच्या विहिरीला पाणी चढलं.

पुढचं मला नवऱ्यानं सांगितलं. कासारीण तिथून थेट आमच्या अंगणात गेली. सणाची घाई, आळीतल्या झाडून साऱ्या बायकांनी हात पुढं केले, सासूबाई सगळ्यांत आधी. चुडे भरता भरता तिनं बहिणीची आणि पुण्याच्या गोळ्यांची गोष्ट तिथंही सांगितली. सगळ्यांचे चुडे भरून झाल्यावर टोपली उचलता उचलता ती म्हणाली, "आजची पैली भवानी तुमच्या सूनबाईची बरं का. लई मऊ हात पोरीचा."

मला शिवलेल्या हातांनीच चुडे भरलेले; बायकांनी आपापले हात असे लांब धरले, जणू ते दुसऱ्याचेच. नवरा जिवंत असताना, ऐन नवरात्रात, भरला चुडा फोडणार कोण? मला वाळीत टाकायचं तर आता सगळी आळीच खोपीत न्यावी लागली असती. सासूबाईंनी आपली भरलेली मनगटं उलटसुलट करून पाहिली. मग मुलाला म्हणाल्या, "बघतोस काय? गाडी जुंप. पुण्याला न्यायचं तिला."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घरीच ठेवा म्हणाले. परतताना गाडी खोपीकडे वळली नाही. दारातच सासूबाईंनी लेक माझ्या मांडीवर दिली.

कासारीण पुन्हा दिसली नाही. देवी म्हणावी, तर जाताना माझी तंबाखू मागून घेतली होती. मी मात्र भैरवनाथाला रोज उपाय सुचवत होते: सासूची वाचा बसव, गावावर वीज पाड. त्यानं माझं एकही ऐकलं नाही, याचे उपकार मी जन्मभर मानीन. आता त्याच्यापुढे हात जोडते आणि गप्प बसते. मला गप्प बसता येतं, यालाच आळीतल्या बायका चमत्कार म्हणतात.