हरवला तर भेटन का?

शाळेत आम्ही त्यांना मागून 'भेटन सर' म्हणायचो. इंग्रजीत कशाचंही वर्णन लिहून नेलं, की चष्मा कपाळावर सारून ते एकच विचारायचे, "हे वाचून, हरवला तर भेटन का?" भेटन म्हणजे सापडेल.

मी आमच्या बैलाला 'व्हेरी नाइस बुलॉक' लिहून नेलं होतं. सर म्हणाले, "बाजारात सारेच नाइस राहतेत बापू. तुहा कोणता?" झक मारत गोठ्यात जाऊन बैलाकडे नीट पाहिलं आणि मोडक्या शिंगाचा काळा बैल, एवढंच साध्या इंग्रजीत लिहिलं. सर खूश. "आता भेटला." डिक्शनरीतले जड शब्द त्यांना मुळीच खपत नसत. आसगावच्या आम्हा धानकऱ्यांच्या पोरांची इंग्रजीची धास्ती त्यांनी अशी घालवली.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, विसरण्याचा आजार जडला. घरातल्या घरात वाट चुकायच्या. नागपूरच्या डॉक्टरकडे नेताना वरठी स्टेशनवर सरांनी त्यांना बाकावर बसवलं, तिकीट काढायला गेले, आणि येऊन पाहतात तो बाक रिकामा. मध्ये एक गाडी येऊन गेली होती. मी तिथल्याच कारखान्यात नोकरीला. सरांचा फोन येताच मोटारसायकल दामटत पोचलो.

"गाडी पार बंगालपर्यंत जाते," स्टेशनातला माणूस म्हणाला. "कशा दिसतेत, ते इंग्रजीत लिहून द्या."

सरांनी 'ॲन ओल्ड वुमन' लिहिलं आणि पेन थांबलं.

"साडी कोणती होती?" त्यानं विचारलं.

सर माझ्याकडे वळले. "सकाळी मीच नेसवून देली रे. गाडी चुकन म्हणून घाईत होतो. रंग पाह्यलाच नाही."

शेवटी त्यांनी पुढे लिहिलं, 'व्हेरी गुड वुमन'.

रंग त्यांना फार उशिरा आठवला. आमसुली, हिरव्या काठाची. मनगटावर पेजेनं पोळल्याचा डाग. ते सारं मी ठिकठिकाणी लिहून पाठवलं. काकू सापडल्या नाहीत. सर मात्र घराचं दार लावेनासे झाले. कुत्री आत शिरायची, तरी उघडंच. "तिले कडी काढता येत नाही," म्हणायचे.

यंदा धानकापणीच्या दिवसांत सर गेले. मूलबाळ नव्हतं. सगळं उरकल्यावर शेजाऱ्यांनी कुलूप आणून माझ्या हाती दिलं. ते मीच लावलं, आणि मग पायरीवर बसून खूप रडलो.