नवमीला न पुजलेलं मीटर

कात्रजचा घाट चढताना आमच्या सर्व्हिस मोटारीने तीनदा दम खाल्ला. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. ड्रायव्हर उतरून निखारे ढोसायचा आणि आम्ही उतारू आश्विनातल्या कलत्या उन्हात खालच्या दरीकडे बघत बसायचो. मला घाई नव्हती. वर्षभर चहा सोडून साठवलेले पैसे खिशात होते आणि लोक मुलगी बघायला जातात तसा मी भोरला मीटर बघायला निघालो होतो.

मीटर म्हणजे विजेचा दाब मोजायचं यंत्र. पोटासाठी मी पुण्यात कारकुनी करतो आणि हौसेसाठी रेडिओ जोडतो. माझ्याकडे जुन्या बाजारातलं एक मीटर होतं, पत्र्याचं, तळहाताएवढं. ते खोटं बोलायचं. नव्वद व्होल्टांना सत्तर म्हणायचं. भोरचे पेन्शनर तारमास्तर त्यांचं विलायती मीटर विकणार आहेत असं कळलं, तेव्हापासून माझी झोप उडाली होती. दोन्ही ताडून बघायला जुनंही पिशवीत घेतलं होतं.

अष्टमीची तिन्हीसांज होता होता भोरला पोचलो. नीरेच्या काठी मास्तरांचं घर. जेवायला आंबेमोहोराचा भात, वरण आणि तूप. वाफेच्या वासानेच अर्धं पोट भरलं. मग मास्तरांनी मखमली कापड उघडलं. काळं चकचकीत मीटर, काट्याखाली आरशाची पट्टी. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की आकडा वाचायचा, म्हणजे केसाइतकीही चूक नाही. मी वाकून बघितलं तर आरशात माझाच डोळा. मी पुरता पाघळलो.

"उद्या सकाळी हवं तेवढं तपासून घ्या," मास्तर म्हणाले.

सकाळी उठून बघतो तर मीटर पाटावर! शेजारी पक्कड आणि तारा डाखायचा झाळणीचा खिळा. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. खंडेनवमी होती. पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हे मीटरच्या नादात मी साफ विसरलो होतो आणि काल रात्री बोलताना मास्तरही.

मी चरफडत चहा घेत होतो (व्रत भोरपुरतं मोडलं होतं), तेवढ्यात दारात एक म्हातारे शेतकरी येऊन उभे राहिले. वेल्ह्याच्या वाटेवरच्या विंझरहून आलेले धोंडीबा. त्यांचा मुलगा तीन वर्षं मिसरात (इजिप्तमध्ये) लढाईवर होता. त्याचं पत्र आलं होतं की आज संध्याकाळी साडेपाचला रेडिओवर त्याचा आवाज येईल. आणि विंझरच्या शाळेतला रेडिओ कालपासून मुका झाला होता.

"मास्तर, येक डाव यंतर लावून बगा. म्हातारीनं कालपास्नं पाणीबी घेतलं न्हाई."

मास्तरांनी पाटाकडे बघितलं. त्यांचा हात फुलापर्यंत गेलाही. पण धोंडीबाच पुढे झाले. "नगा, नगा! पुजेतलं हत्यार उचलू नगा. पोरगं लडाईत हाय माजं."

मास्तर हळूच माझ्याकडे वळले. "तुमच्या पिशवीतलं?"

"ते पुजलेलंच नाही," मी म्हणालो, आणि मला लाज वाटली. दरवर्षी खंडेनवमीला मी पक्कड पुजतो, कानसही पुजतो. त्या पत्र्याच्या डबीला हत्यार मानायचं माझ्या मनातच आलं नव्हतं.

"मंग चालतंय की!" धोंडीबा म्हणाले.

मोटारीला झेंडूची माळ होती, तरी ती निघाली. "टपालाला कसली आलीय नवमी?" ड्रायव्हर म्हणाला. नसरापूरच्या फाट्यावर मी आणि धोंडीबा उतरलो. धोंडीबांची बैलगाडी मात्र पुजेत होती, म्हणून पुढे पायीच. असं चालणं मी पुन्हा चाललो नाही. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) ओंब्यांनी वाकलेली, गुंजवणीचं पाणी कधी दिसायचं, कधी नुसतं ऐकू यायचं. समोर राजगड आणि तोरणा ढगांत शिरत होते, बाहेर येत होते. आपण चालतोय की डोंगर, हेच कळेना. धोंडीबा एकदाच बोलले, "आवाज वळखू यील का वो म्हातारीला?"

शाळेच्या ओट्यावर सारा गाव जमला होता. रेडिओपुढे धोंडीबांची बायको, हौसाबाई, हात जोडून बसलेली. मी बॅटरीला मीटर लावलं. सत्तर.

"बॅटरी उतरली," शाळेचे गुरुजी हताश होऊन म्हणाले.

"नाही. हे सत्तर म्हणतं तेव्हा नव्वद असतात." दोन वर्षं एकत्र काढली होती आम्ही, त्याचं खोटं मला पाठ होतं. मग बॅटरीपासून रेडिओकडे जाणाऱ्या तारेच्या दुसऱ्या टोकाला लावलं. काटा जागचा हलला नाही. वरून धडधाकट दिसणारी तार आतून तुटली होती. मी ती दातांनी सोलली, पिळून जोडली. रेडिओ गुरगुरला तेव्हा पाच वाजून गेले होते.

आधी तीन परके आवाज आले. मग चौथा. "आये, म्या बरा हाय. काळजी करू नगं. औंदा भात कसा हाय?"

"झ्याक हाय रं!" हौसाबाई रेडिओला म्हणाली. "तू जेवलास का?"

तोवर पाचवा आवाज सुरू झाला होता. त्याला इथलं ऐकू जात नाही, हे कुणी तिला सांगितलं नाही. धोंडीबांनी पागोट्यात तोंड लपवलं आणि मीही मान खाली घालून तार गुंडाळत बसलो.

थोड्या वेळाने तिने मीटर मागितलं. "पुजलं न्हाई व्हय ह्ये? आसं कसं?" आणि अंगठ्याने काचेवर ठसठशीत कुंकू लावलं. मग काय, दसऱ्याची पूजा होईपर्यंत मीटर उचलता येईना. त्या रात्री विंझरलाच राहिलो.

दसऱ्याला भोरला आलो. मास्तरांनी मखमलीचं कापड पुढे केलं. मी आरशाच्या पट्टीत पुन्हा एकदा डोळा बघितला. मीटर सुंदरच होतं, आजही माझ्या स्वप्नात येतं. पण मी आपट्याचं पान मास्तरांच्या हातात दिलं, पाया पडलो आणि मोटार गाठली.

पुण्यात मित्रांनी विचारलं, "काय आणलंस?" मी डबी दाखवली. ते हसले. काचेवरचं कुंकू मी अजून पुसलेलं नाही. ते नेमकं सत्तरच्या आकड्यावर आहे. काटा त्याच्याआड गेला की मी नव्वद लिहितो.