सैल गाठीचे विदूषक

कुलथेबाईंच्या दाराला आतून कुलूप असायचं. बेल वाजवली की आधी किल्लीचा आवाज, मग बाईंचा, "आले गं, आले!" दार फटभर उघडायचं, शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे सांभाळायला ठेवलेली सोसायटीतली पोरं एकेक करून आत शिरायची आणि मागे पुन्हा कुलूप. माझ्या सईला तिथे पहिल्यांदा सोडलं तेव्हा मला धसकाच बसला. मुलं कोंडून ठेवते की काय ही बाई!

कोंडलेल्या त्या स्वतःच होत्या. त्यांचे यजमान आप्पा इगतपुरीला रेल्वेत होते. म्हातारपणी सगळं विसरले, ड्यूटी तेवढी लक्षात राहिली. दार उघडं दिसलं की निघाले! एकदा थेट नाशिकरोड स्टेशनावर सापडले, तेव्हापासून हे कुलूप. चार वर्षं बाई दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. भाजीसुद्धा गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून वर घ्यायच्या. मुलगा परदेशात, फोनवर सल्ले द्यायला.

शाळेत त्यांनी चित्रकला शिकवलेली. रोज दुपारी जुन्या लग्नपत्रिका कापून पोरांसोबत विदूषक करायच्या. हात, पाय, धड वेगळं कापायचं, सुईने भोकं पाडून दोऱ्याने जोडायचं. मागचा दोरा ओढला की हातपाय उडाले पाहिजेत. कुणी 'जोकर' म्हटलं की बाई कात्री खाली ठेवायच्या. "जोकर पत्त्यांत असतो. हे विदूषक आहेत, अहो-जाहो करा!" पोरं गाठ करकचून आवळायची, तुटेल या भीतीने. बाई ती सोडवत म्हणायच्या, "सैल ठेव रे राजा. आवळलीस तर बिचारा हलणार कसा?"

गणपतीत सोसायटीच्या मांडवात पोरांनी विदूषकांचं नाटक बसवलं. ते बाईंना समोर बसून बघायचं होतं. बास, एवढंच. मी म्हटलं, "मी बसते आप्पांजवळ. तासाभराचा तर प्रश्न!"

बाईंनी हिरवी साडी नेसली, अंबाड्यात अबोली माळली, किल्ली माझ्या हातात दिली. चप्पल पायात सरकवली आणि आप्पांनी पदर धरला. "मला सोडून चाललीस?" मी त्यांची बोटं सोडवायला गेले, तर लहान मुलासारखे रडायला लागले. बाईंनी चप्पल काढली.

"राहू दे गं. तू जा, पोरं खोळंबली असतील."

'रडू देत, तुम्ही जा,' असं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. किल्ली त्यांच्या हातात कोंबली आणि सुटल्यासारखी जिना उतरले. त्याची लाज अजून वाटते.

बाई येत नाहीत हे कळल्यावर सई पोरांशी काहीतरी कुजबुजली. सगळी मांडवाबाहेर आली, आमच्याकडे पाठ केली आणि विदूषक डोक्यावर उंच धरून अख्खं नाटक गॅलरीला दाखवलं. आम्हाला दिसल्या नुसत्या गाठी, दोरे आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. मध्येच सईच्या विदूषकाचा हात अडला. वरून ग्रिलला खेटून बाई ओरडल्या, "सई, गाठ आवळलीयेस! सैल कर, सैल कर!" पदर मागे ताणलेलाच होता.

दिवाळीनंतर एका सकाळी कितीही बेल वाजवली तरी किल्लीचा आवाज येईना. शेवटी दार तोडलं. बाई झोपेतच गेल्या होत्या. आप्पा उशाशी बसले होते, पदर मुठीत धरून.

"हिला सांगा," मला म्हणाले, "मी कुठे जात नाही म्हणावं."